बुटकी दुर्बीण आणि भरलेला ग्लास

कुठल्याही टेबलाजवळ गेला की तो आधी ग्लासभर पाणी मागायचा. लोकांना वाटायचं, तहान लागली असेल. तो ग्लास काठोकाठ भरून टेबलावर ठेवायचा, वाकून पाण्याच्या कडेला डोळा लावायचा आणि म्हणायचा, "पानी ठैरने दो."

पाणी थांबलं की ग्लास उचलून एका दमात पिऊन टाकायचा. "टेबल पास." नाही थांबलं तर पाणी शेजारच्या कुंडीत. "नापास." मग त्या टेबलावर तो चष्मा सोडा, कोपरसुद्धा टेकायचा नाही.

भवानी पेठेत त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन माणसं आत बसली तर तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. दाढी मेंदीनं लाल केलेली, आणि स्वतःचा चष्मा दोऱ्यानं बांधलेला. नाव पाटीवर होतं, पण सगळी पेठ त्याला चष्मेवालाच म्हणायची. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. आधी नाव विचारायचं राहून जातं, आणि मग इतकी वर्षं झालेली असतात की विचारायची लाज वाटते. मी त्याला चष्मेवाला म्हणायचो, तो मला मामा म्हणायचा. तेवढ्यावर तीस वर्षं निघाली.

मी चौथी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले. लिहायची सवय नाही. पण ज्या दोन माणसांशी हे बोलत बसलो असतो, ती दोन्ही आता नाहीत. म्हणून कागदाला सांगतोय.

मला चाळिशी लागली तेव्हा मी त्याच्याकडं गेलो. दुसरा कोणी असता तर पुस्तक पुढं धरून "वाचा" म्हणाला असता. हा कारखान्यात आला. चालत्या मागापुढं मला उभं केलं आणि माझ्या डोळ्यापासून मागाच्या धाग्यांच्या फणीपर्यंत टेप धरली.

"हे काय करतोस?" मी म्हटलं.

"मामा, तुमी किताब वाचनार नाही. तुटलेला धागा वाचनार. तो किती लांब हाय ते बघतो."

त्या चष्म्यानं मला दुसऱ्या टोकाचा तुटका धागा दिसायचा. घरी भाजी निवडताना मात्र काही दिसायचं नाही. त्यावर म्हणाला, "भाजी अक्का निवडतील की." अक्का म्हणजे आमची मंडळी.

धंद्याला तो नालायक होता, हे सांगितलं पाहिजे. चष्मा द्यायला तीन-तीन आठवडे लावायचा. गिऱ्हाईक परत पाठवायचा. एक बाई डोकं दुखतंय म्हणून आली, तर म्हणाला, "चष्मा नक्को. झोप मंगताय तुमाला. सून हाय ना घरात? तिला उठवा पाच वाजता." ती बाई सुनेला घेऊन भांडायला आली. यानं सुनेलाच चष्मा केला, कारण खरा नंबर तिला होता.

आता आमच्या हिचं सांगतो.

तिला साखर होती. गुडघे आधीच गेले होते, मग साखरेनं डावा डोळा घेतला. डॉक्टर म्हणाले, उजव्यातही पडद्यावर रक्त उतरतंय, किती दिवस राहील सांगता येत नाही. मी डॉक्टरला म्हटलं, "सांगता येत नाही तर बोलावलं कशाला?" तिनं माझा सदरा ओढून मला गप्प बसवलं.

लग्न झाल्यापासून ती संकष्टी धरायची. चंद्र बघितल्याशिवाय तोंडात घास नाही. ढग आले की मी खोटं बोलायचो. "दिसला, दिसला, वाढ आता." मला भूक लागलेली असायची, दुसरं काय. तिला खोटं कळायचं. ती मला वाढायची आणि स्वतः बसून राहायची.

डॉक्टरकडून आल्यावर तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, ह्या चंद्रासाठी एवढी वर्सं उपाशी ऱ्हायले. एकदा जवळनं बघू द्या की मला. डोळा हाय तवर."

चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. मागितलं असेलही, मागाच्या आवाजात मला ऐकू आलं नसेल.

काच म्हणजे चष्मेवाला, एवढंच मला माहीत. मी त्याच्याकडं गेलो. तो म्हणाला, जवानीत त्यानं एक दुर्बीण बनवली होती. सुताच्या गठ्ठ्यातला पुठ्ठ्याचा नळा आणि चष्म्याच्या दोन काचा. "चांद दिसला मामा. पन त्याच्याभोवती लाल-निळं कडं, लग्नाच्या मांडवासारखं."

आम्ही दोघं बाजारात गेलो. तिथं दुकानदारानं एक पांढरी लांबलचक दुर्बीण दाखवली, तीन काडीसारख्या पायांवर उभी. खोक्यावर रंगीत ग्रहांची चित्रं. "एवढ्या पट मोठं दिसतं," म्हणून त्यानं मोठा आकडा सांगितला. मी खूश झालो. चष्मेवाल्यानं नळीला बोटानं टिचकी मारली. ती हलायला लागली ती हलतच राहिली. तो आपला कमरेवर हात ठेवून बघत होता.

"चांदबी असाच हलनार," तो म्हणाला. "चला."

दुकानदार म्हणाला, "अहो पण पॉवर बघा ना हिची."

"पॉवर काय चाटायची? तोंड बघा हिचं. बांगडीएवढं." मग मला म्हणाला, "मामा, पावसात पातेलं ठेवलं अन् चहाचा कप ठेवला, तर पानी कशात जास्त गोळा हुईल? उजेडाचं तसंच हाय. तोंड मोठं पायजे, लांबी नक्को. अन् अक्काच्या डोळ्याला उजेड जास्त लागनार."

मला वाटलं, आता दुसऱ्या दुकानात जायचं. तो मला घेऊन माझ्याच घरी आला. हिला खुर्चीत बसवलं, आणि जमिनीपासून तिच्या डोळ्यापर्यंत टेप धरली.

ती हसायला लागली. "दादा, मला काय झगा शिवताय का?"

"दूरबीन शिवतो, अक्का. तुमी उभ्या ऱ्हाऊ शकत नाही. तर उभी दूरबीन काय कामाची? तुमी बसनार, ती टेबलावर बसनार. दोघींनी बसून बोलायचं."

मग टेबल शोधायची पाळी आली. माझं घडीचं टेबल नापास. प्लास्टिकचं स्टूल नापास. शेजाऱ्यांचं लाकडी टेबल बघून तर तो ग्लास न ठेवताच परत आला. शेवटी हिच्या शिलाई मशीनवर त्याची नजर गेली. त्याच मशीनवर तिनं टॉवेलच्या कडा शिवल्या होत्या, मी विणलेल्याच. डोळा गेल्यापासून ते झाकून पडलं होतं. त्यानं वरचं मशीन काढून ठेवलं, बिडाच्या स्टँडवर शहाबादी फरशी टाकली, आणि कारखान्यातल्या दोन गड्यांकडून ते गच्चीवर चढवलं. ग्लास ठेवला. पाणी आरशासारखं थांबलं. त्यानं पिऊन टाकलं, तोंड पुसलं. "पास."

तो दिवस कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीचा होता. हे लक्षात ठेवा.

दुर्बीण त्यानं फोनवरून मागवली. खोकं उघडलं तर आत बुटकी, जाडी, काळी वस्तू, लाकडाच्या गोल पाटावर बसलेली.

"ही काय दुर्बीण हाय? दुधाची किटली हाय ही," मी म्हटलं.

"हौ. पन आत आरसा हाय."

पुढच्या सुट्टीला, दिवसाउजेडी त्यानं ती सुताला लावली. वर एक छोटं भिंग असतं, त्यात लाल ठिपका दिसतो. तो ठिपका आणि दुर्बीण एकाच जागी बघतात की नाही, ते आधी लांबच्या वस्तूवर जुळवावं लागतं. त्यानं बंद गिरणीची चिमणी धरली. "सूरजकडं फिरवायची नाही, डोळा जळेल," हे मला चार वेळा सांगितलं. मी डोळा लावला तर चिमणी उलटी. तोंड खाली, पाया वर.

"उलटं दिसतंय की रे."

"आरशाचं असंच असतं मामा. चांदाला काय फरक पडतो?"

"गिरणी तर कधीच उलटी झालीय," मी म्हटलं. तो हसला नाही. त्याचा बाप त्याच गिरणीत कामाला होता.

हिला पुनवेचा चंद्र बघायचा होता. त्यानं नको म्हटलं. पुनवेला समोरून ऊन पडतं, सगळं सपाट दिसतं. अर्ध्या चंद्रावर ऊन तिरकं पडतं, खड्ड्यांच्या सावल्या दिसतात. शुद्ध अष्टमीला दिवेलागणीलाच तो डोक्यावर असतो.

"अष्टमीचा चंद्र कोन बघतं का?" ती म्हणाली.

"जे बघतात त्यांनाच दिसतं अक्का."

मार्च महिना होता. अष्टमीला संध्याकाळी तिला गच्चीवर न्यायला मला अर्धा तास लागला. प्रत्येक पायरीला ती थांबायची आणि म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, खालनंच बघते." वर आणून खुर्चीत बसवली. चष्मेवाला दुकान बंद करून येणार होता. मला दम निघेना. त्यानं शिकवलं होतं तसं मीच ठिपका चंद्रावर धरला आणि तिला म्हटलं, "बघ."

ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, हे तर नुसतं हालतंय. उकळत्या दुधावानी."

मी बघितलं. खरंच, काहीतरी पांढरं थडथडत होतं. माझं डोकं फिरलं. तेवढ्यात तो जिना चढून आला, आणि मी त्याला नको नको ते बोललो. किटली माझ्या गळ्यात मारलीस म्हटलं. आंधळ्या बाईची चेष्टा करतोस म्हटलं. हे तिच्या देखत म्हटलं. आंधळी हा शब्द आमच्या घरात तोवर कोणी उच्चारला नव्हता.

हिच्यासाठी वर आणलेला पाण्याचा ग्लास त्यानं फरशीवर ठेवला आणि वाकला. मग मला म्हणाला, "या. बघा."

पाण्यावर बारीक बारीक गोल उठत होते. मधून कडेला, कडेवरून मधे. थांबतच नव्हते.

"गलती माझी," तो म्हणाला. "मी सुट्टीच्या दिवशी पानी बघितलं."

खाली कारखाना चालू होता. सोळा माग. आम्ही त्याच्याच वरच्या दोन खोल्यांत जन्म काढलेला. आमच्या पायाखालची जमीन हलते हे मला त्या ग्लासनं सांगितलं. मला वाटायचं, जमीन अशीच असते.

आता करायचं काय? सुट्टी चार दिवसांनी. तोवर चंद्र भरत येणार, सावल्या जाणार. पुढच्या अष्टमीला डोळा असेल की नाही, देवाला माहीत. दुसऱ्या गच्चीवर न्यावं तर तिला जिना उतरवून परत चढवायचं, आणि भवानी पेठेत मागाशिवाय गल्ली कुठली?

"खाली जाऊन सांगा मामा. पाच मिंट बंद करा म्हना."

"मी नाही सांगणार."

मी सांगू शकत नव्हतो. ज्यानं मागावर काम केलंय त्याला विचारा. माग थांबला की मजुरी थांबते. चाळीस वर्षांत मी दुसऱ्याच्या चालत्या मागाला हात लावला नाही. आता म्हातारपणी जाऊन म्हणू, माझ्या बायकोला चंद्र बघायचाय, तुमची कामं थांबवा?

त्यानं ग्लास उचलला आणि खाली गेला.

आत काय झालं ते मला नंतर जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या गड्यानं, सांगितलं. मागांच्या खडखडाटात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही. हा मधोमध उभा राहिला, एका मागाच्या चौकटीवर ग्लास ठेवला. पाणी सांडायला लागलं. यानं बोट वर केलं, छताकडं, मग स्वतःच्या डोळ्याला लावलं. आणि पाच बोटं दाखवली. त्या सगळ्यांच्या नाकावर यानंच केलेले चष्मे होते. सगळ्यांना हिच्या डोळ्याचं ठाऊक होतं. पहिला माग जॉबरनं बंद केला.

वर आम्हाला एकेक आवाज कमी होत गेलेला कळला. मग शेवटचा माग थांबला, आणि असं काही झालं की मी खुर्चीची पाठ धरली. मला वाटलं, मी पडतोय.

गल्लीतली माणसं बाहेर आली. "लाईट गेली का हो?" म्हणून ओरडायला लागली, डोक्यावर दिवे पेटलेले असताना.

तो धापा टाकत वर आला. ग्लास अर्धा सांडलेला. तो परत भरला, फरशीवर ठेवला. "पानी ठैरने दो." आम्ही तिघं त्या पाण्याकडं बघत होतो. गोल बारीक झाले, मग नाहीसे झाले. त्यानं दुर्बिणीतून बघून बारीक चकती फिरवली. हिचा नंबर त्याला पाठ होता. "चष्मा काढा अक्का. आता ह्योच तुमचा चष्मा."

तिनं डोळा लावला. मी म्हटलं, "दिसतंय का?"

"थांबा की."

मग म्हणाली, "अहो, भाकरी हाय ही."

"काय?"

"ज्वारीची भाकरी. अर्धी मोडलेली. कडंला फोड आलेत अन् फुटलेत. मधी तीन मोठे हायत, एका वळीत." ती हसायला लागली. "कुनी भाजलीय ही? माझी अशी कवा फुटली न्हाय."

चष्मेवाला दुर्बिणीपासून लांब सरकला आणि गच्चीच्या कठड्याकडं तोंड करून उभा राहिला. त्यानं चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

ती मला म्हणाली, "तुमी बघा की."

"तू बघ. पाचच मिनिटं हायत."

पाच मिनिटं कसली. तिनंच खाली निरोप धाडला, ज्यांनी माग थांबवले त्यांनी येऊन बघून जा. एकेक विणकर जिन्यानं वर आला. कापसाचे पुंजके भुवयांत, केसात. मालक तरातरा वर आला, "कुणी बंद केलं?" म्हणत. हिनं त्याला सांगितलं, "शेठ, नंबर लावा, तुमच्या आदी जॉबर हायत." नंबर आल्यावर त्यानं बघितलं, "आयला" म्हणाला, आणि खाली जाताना चपला हातात घेऊन गेला.

सगळ्यांनी बघितलं. मी नाही. मी खुर्ची धरून उभा होतो. मला वाटलं, घरातच आहे दुर्बीण, बघू नंतर.

आषाढ लागायच्या आत तिचा तोही डोळा गेला.

मला वाटलं, आता चष्मेवाला येणार नाही. पण पुढच्या अष्टमीला तो आला. ढग होते, चहा पिऊन गेला. त्याच्या पुढच्या महिन्यात आला, तेव्हा ढग फाटलेले होते. खाली त्यानं काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे, बरोबर त्या वेळेला माग थांबले. तो डोळा लावून बघायचा आणि ती खुर्चीत बसून त्याला विचारायची.

"मधले तीन हायत का जागेवर?"

"हौ अक्का. तिन्ही हायत."

"तिसऱ्याच्या मधी उंचवटा हाय, बघितलं का?"

"अरे हां. हाय की. मला नव्हता दिसला."

दर अष्टमीला हेच. ती सांगायची, तो शोधायचा. मला म्हणायचा, "मामा, तुमी या की." मी म्हणायचो, "मला काय कळतंय त्यातलं." खरं कारण वेगळं होतं. ती बघू शकत नसताना मी डोळा लावायचा, हे मला जमत नव्हतं. त्यानं कधी जास्त ओढलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात ती गेली. झोपेतच नाही, चांगली आठ दिवस त्रास काढून गेली. दुसरं काही सांगत नाही.

त्यानंतरच्या अष्टमीला मी खोलीतच बसून होतो. जिन्यावर पावलं वाजली, वर गेली. माग थांबले. थोड्या वेळानं मी दारापर्यंत जाऊन बघितलं. दुर्बिणीवर हिची जुनी साडी टाकलेली होती, ती त्यानं काढली नव्हती. नुसता ग्लास भरून ठेवला होता आणि शेजारी बसला होता. पाणी थांबल्यावर त्यानं ते प्यालं आणि उतरून गेला. असा तीन वेळा आला.

चौथ्या वेळेला माग थांबले, पण जिना वाजला नाही. मी वर जाऊन बघितलं. कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानावर गेलो तर शटर खाली. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, लेकीकडं कुर्डुवाडीला गेला होता, तिथंच दुपारी झोपला तो उठला नाही. मातीही तिथंच झाली. मी शटरवरची पाटी तेव्हा पहिल्यांदा वाचली. नाव चांगलं होतं. मला ते इथं लिहवत नाही. मी त्याला त्या नावानं कधी हाक मारली नाही.

परवा अष्टमी होती.

मी एकटाच वर गेलो. ग्लास भरला, काठोकाठ. थोडं सांडलं. फरशीवर ठेवला. पाणी हलत होतं. दिवेलागणीला माग थांबले. खालच्या लोकांना कोणी सांगितलेलं नव्हतं, तरी थांबले. मी वाकून बघत बसलो.

पाणी थांबलं. मी साडी काढली, घडी केली आणि डोळा लावला.

भाकरीच आहे. तिचं बरोबर होतं. कडेला फोड येऊन फुटलेत. मधे तीन आहेत एका ओळीत, आणि तिसऱ्यात उंचवटा आहे.

खालून जॉबरनं हाक मारली, "मामा, चालू करू का?"

"थांब रे," मी म्हटलं. "बघतोय मी."

चंद्र सरकत सरकत कडेला जातो. मग त्यानं शिकवलं होतं तसं एका बोटानं किटली ढकलायची, परत मधे आणायची. असं किती वेळा केलं, मोजलं नाही. खालून परत कोणी हाक मारली नाही.

मग ग्लास उचलला. त्यात एक चिलट पडलं होतं, ते बोटानं काढलं आणि पाणी पिऊन टाकलं.

जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडलो, "करा चालू."

एकेक करत सोळाही माग सुरू झाले, आणि फरशीवर ठेवलेला रिकामा ग्लास किणकिणायला लागला.